साडूची कंबर

मास्टरांना आयुष्यात दोन गोष्टींचा आधार होता. एक हातातली कात्री, आणि दुसरं साडूचं पोट.

कात्रीचं कुणालाही समजेल. उभा जन्म शिवणकामात गेलेला माणूस, त्याला कात्रीचा आधार नाही वाटणार तर कशाचा वाटणार? साडूच्या पोटाचं मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मास्टरांनी ते स्वतःलाही कधी नीट सांगितलं नसेल. गोष्ट साधीच होती. मास्टर जाड होते, आणि साडू त्यांच्याहून जाड होते.

साडू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे 'सर' म्हणत. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "माझा एक जावई मास्टर, एक जावई सर. आणि पुस्तकाशी दोघांचंही वाकडं!"

दर रविवारी दुपारी दोन्ही मुली नवऱ्यांना घेऊन आईकडे जेवायला जायच्या. हॉलमध्ये दोघांपुरता सोफा होता. सर बसले की तो त्यांच्या बाजूला कलायचा, आणि शेजारी बसलेले मास्टर त्या उतारावरून हळूहळू सरांच्या अंगावर यायचे. घर हसायचं. मास्टरही हसायचे, कारण हसू सरांच्या नावावर जमा व्हायचं. जिना चढताना आधी धाप लागायची ती सरांना. लग्नकार्यात खुर्ची करकरली की लोक सरांकडे बघायचे. मास्टरांची बायको, म्हणजे दोघी बहिणींतली थोरली, कधी म्हणालीच, "अहो, जरा कमी खा, गुडघे बोलायला लागलेत," तर उत्तर तयार असायचं.

"अगं, सरांकडे बघ. मी त्यांच्या निम्मासुद्धा नाही."

निम्मे नव्हतेच ते, पाऊण होते. पण पाऊण माणसाला अख्ख्या माणसाच्या सावलीत बरं वाटतं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि डॉक्टरांनी सरांना दम भरला. साखर काठावर आली होती. घोरणं इतकं वाढलं होतं की धाकटी, म्हणजे सरांची बायको, उशी उचलून बाहेरच्या खोलीत झोपायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर साखरेच्या गोळ्या जन्माला चिकटतील. मग सर औषधांच्या दुकानात गेले. तिथे एक बाई होत्या, बोलायला खणखणीत. त्यांनी चिठ्ठीशिवाय मिळणारी एक कॅप्सूल काउंटरवर ठेवली, आणि ती हातात द्यायच्या आधी अर्धा तास सरांची शाळा घेतली.

त्या शाळेचा वृत्तान्त सरांनी रविवारच्या जेवणात सगळ्यांना दिला.

"खाल्लेल्या चरबीतला साधारण पाव हिस्सा ही कॅप्सूल अंगाला लागूच देत नाही. तसाच बाहेर धाडते."

"मग छान की!" सासूबाई म्हणाल्या. "खायचं आणि धाडायचं."

"तिथंच तर गोम आहे, आई. बाई म्हणाल्या, 'हे औषध नाही, हा पहारेकरी आहे. तेलकट खाल्लंत तर तो चारचौघांत तुमची अब्रू काढेल.' जेवण कमी तेलातुपाचं, दिवसातनं तीनदा, प्रत्येक जेवणाबरोबर एक. जेवण चुकलं तर कॅप्सूल पण चुकवायची. झोपताना व्हिटॅमिनची गोळी. आणि रोज चालायचं. 'चालायचं नसेल तर पैसे वाया घालवू नका, माझंही दुकान चालेल तुमच्याशिवाय' असं म्हणाल्या तोंडावर."

"आणि काढली का अब्रू?" मास्टरांनी विचारलं.

सर चमचा खाली ठेवून लाजले. मग सांगायला लागले. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीचा वाढदिवस होता. तिनं गाडीत केक आणला, लोण्याचा थर बोटभर. नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी भर चौकात पहारेकरी जागा झाला. "गाडी शिकणाऱ्या बाईंना म्हटलं, गाडी बाजूला घ्या. त्या म्हणाल्या, सर, बाजूला कशी घेतात ते तुम्ही पुढच्या आठवड्यात शिकवणार होता!"

सासूबाईंना ठसका लागला. सर पेट्रोल पंपाच्या दिशेने कसे धावले, याचं धाकटीने उठून प्रात्यक्षिक दाखवलं. सगळ्यांत जास्त मास्टर हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. महिनाभराचं खूळ आहे, त्यांना वाटलं. चाललंय तोवर मजा बघायची.

खूळ गेलं नाही. सर पहाटे उठून चालायला लागले. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग कालव्यापर्यंत. जेवणात उकडलेलं आणि भाजलेलं आलं. ताट लहान झालं. पहिले काही आठवडे काही दिसलं नाही. मग एका रविवारी मास्टर सोफ्यावर बसले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने लक्षात आलं. सोफा कलला नव्हता. ते जिथे बसले होते तिथेच बसले होते.

"काय हो सर, अर्धे कुठे ठेवून आलात?" सासूबाई म्हणाल्या. आणि मग, अगदी सहज, वाढता वाढता, "मास्टर मात्र आमचे आहेत तस्सेच."

वाक्यात वाईट काही नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यांना ते 'तस्सेच' जिथे तिथे ऐकू यायला लागलं. जिन्यात आता धाप एकट्याची ऐकू यायची. खुर्ची करकरली की बघायला लोकांना एकच माणूस उरला होता. आणि घरी थोरली रोज उठून सरांचं पुराण लावायची. "आज धाकटीचा फोन होता. सर पुलापर्यंत जाऊन आले. ती परत आतल्या खोलीत झोपते आता. घोरत नाहीत अजिबात."

"मग मी काय करू? टाळ्या वाजवू?"

"नका वाजवू. चाला."

"दिवसभर मशीनवर पाय हलतात माझे, ते काय कमी झालं?"

"मशीनच चाललं की हो. तुम्ही बसलेलेच असता."

जळणाऱ्या माणसाला कुणी शहाणपणाची गोष्ट सांगितली की ती तेलासारखी पडते. एक दिवस दुपारी मास्टरांनी दुकानाला कुलूप लावलं, आणि ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लांबच्या वस्तीतल्या औषधांच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "कुणासाठी हवंय?"

"साडूसाठी," मास्टर म्हणाले.

"त्यांना दुसरी औषधं चालू आहेत का? जेवण कसं आहे त्यांचं?"

"जेवण एकदम साधं," मास्टरांनी सांगितलं. आणि साडूचं ते खरंच साधं होतं.

त्यांचा हिशेब सरळ होता. कॅप्सूल काम करते ना? मग तिला करू दे. आपण कशाला मध्ये पडायचं? त्या रात्री त्यांनी तळलेल्या बटाट्यांबरोबर एक कॅप्सूल घेतली, सकाळी लोणी थापलेल्या पावाबरोबर दुसरी. दुपारी एका गिऱ्हाइकाला नवा कोट अंगावर चढवून मास्टर टाचण्या लावत होते. एक बाही टाचून झाली, आणि पहारेकऱ्याने हाक दिली. गिऱ्हाईक दोन्ही हात पसरून, अंगभर टाचण्या घेऊन, आरशासमोर बुजगावण्यासारखं उभं राहिलं. बऱ्याच वेळाने मास्टर परत आले, ते आधी घरी जाऊन, पँट बदलून. "फोन आला होता," ते म्हणाले. गिऱ्हाइकाने त्यांच्या पँटकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. त्या न विचारण्याने मास्टर जास्त मेले.

पाकीट त्यांनी कचऱ्यात टाकलं. यावर सरांसारखं हसता आलं असतं, रविवारी सांगून घर डोक्यावर घेता आलं असतं. मास्टरांना ते जमलं नाही. त्यांच्या मनाने वेगळाच निकाल काढला. साडूला सगळं लागू पडतं, आपल्याला काही लागू पडत नाही. देवाने माप घेतानाच दुजाभाव केला.

त्याच आठवड्यात सर दुकानात आले. हातात ड्रायव्हिंग स्कूलच्या गणवेशाच्या करड्या पँटा. दोनच होत्या, दोन्ही मास्टरांनी शिवलेल्या. पट्टा सर कधी लावत नसत. त्यांच्या पोटाचं आणि पट्ट्याचं कधी जमलंच नव्हतं.

"मास्टर, घसरतात हो! काल ब्रेक दाबायला पाय उचलला, आणि पँट म्हणाली, मी निघते. आत घ्या."

मास्टरांनी टेप घेतली. पूर्वी सरांचं माप म्हणजे कसरत असायची. गाल सरांच्या पोटाला लावून, मागे हात घालून टेपचं टोक शोधावं लागायचं. आता ते सहज हाताला लागलं. शेहेचाळीसची कंबर त्रेचाळीसवर आली होती.

"वजन किती झालं मग?" मास्टरांनी विचारलं.

"कोण बघतंय! घरचा काटा मी देऊन टाकला. दिवसातनं पाचदा चढायचो त्यावर. पाणी प्यायलं की चढ, शिंकलं की चढ. त्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, काट्याच्या नादी लागू नका, पंधरवड्यातनं एकदा इथे या, नाहीतर सरळ कपड्यांवरून समजा. म्हटलं, कपडे तर आमच्या मास्टरांच्या हातचे! काटा खोटं बोलेल, तुमची शिलाई बोलणार नाही."

"ट्रायलला कधी येता?"

"ट्रायल कसली, घरच्या माणसाकडे? धाकटी येऊन घेऊन जाईल."

सर शीळ घालत गेले. मास्टरांनी पँट उलटी केली, मागची शिलाई उसवली, खडू घेतला. खूण त्रेचाळीसला करायची होती. खडू त्रेचाळीसवर टेकला, आणि मग बोटभर आत सरकला. मास्टरांनी त्या खुणेकडे बराच वेळ बघितलं. गिऱ्हाइकाचा सूत-दोन सूत फरकसुद्धा त्यांना झोपू द्यायचा नाही. खूण पुसायला बोट ओलं करावं लागलं असतं, इतकंच. त्यांनी मशीनवर पाय ठेवला. साडेएक्केचाळीस.

अजून बारीक होतोच आहे तो, मास्टर स्वतःला म्हणाले. पुन्हा यायचा त्रास वाचेल त्याचा.

दहा-बारा दिवसांनी रविवारी सर जेवायला आले ते ताठ बसून. वाकताना श्वास रोखत होते. जेवण झाल्यावर मास्टरांना गॅलरीत घेऊन गेले. "मास्टर, खरं सांगा. मी परत सुटायला लागलो का हो? पँट लागतेय."

त्या क्षणाला एक शब्द पुरला असता. मास्टर कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिले.

"वजनाचं काय, सर," ते म्हणाले, "येतं तसं जातं, जातं तसं येतं."

"सैल करून घेऊ का म्हणता?"

"कशाला? तुम्हीच बसाल त्यात."

"हे बरोबर बोललात," सर म्हणाले. खांदे जरासे पडले होते त्यांचे. त्या पडलेल्या खांद्यांकडे बघून मास्टरांना किती दिवसांनी बरं वाटलं! परत आत येऊन त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्यानंतर जे झालं, त्याला खडू सरकला म्हणायची सोय नव्हती. सरांनी हट्टाने चालणं वाढवलं आणि पँटमध्ये खरंच बसायला लागले. मग एका पँटची पायाची शिलाई उसवली, दुसरीचा हुक तुटला. पँटा दुकानात आल्या. मास्टरांनी पायाची शिलाई घातली, हुक लावला, आणि कुणी न सांगता दोन्ही कंबरा आणखी आत घेतल्या. दोरा जुन्या दोऱ्याच्या रंगाशी जुळवून घेतला. उसवलेल्या टाक्यांची भोकं वाफेची इस्त्री फिरवून बुजवली. काम इतकं सफाईदार झालं की दुसऱ्या शिंप्यालाही कळलं नसतं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर मागमूसही ठेवला नाही.

रविवारी सर गप्प असायला लागले. लोक म्हणायचे, चेहरा उतरलाय, छान बारीक दिसता. ते म्हणायचे, "चेहऱ्याचं काय सांगता, पोट जिथल्या तिथे आहे. मला माहीत आहे ना." औषधांच्या दुकानात स्वतः जाणं त्यांनी सोडलं, बाई काट्यावर चढा म्हणतील म्हणून. धाकटीला पाठवायला लागले. सकाळचं खाणं बंद केलं. मग दुपारचंही. आणि जेवण नाही तरी कॅप्सूल मात्र घ्यायला लागले, कधी दोन-दोन. पोटात चरबीच नाही तर पहारेकरी अडवणार कुणाला, पण घाबरलेल्या माणसाला एवढं सुचत नाही.

एका सकाळी थोरली फोन ठेवून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात ओलं फडकं तसंच होतं.

"सरांच्या गाडीला अपघात झाला."

मास्टरांनी कप खाली ठेवला. "फार लागलं का?"

"लागलं नाही कुणाला. शिकणारा एक म्हातारा चालवत होता, भिंत समोर आली, सरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबायला पाहिजे होता. त्यांना भोवळ आली होती. कालपासून पोटात काही नव्हतं म्हणे. गाडी भिंतीला घासली. भिंतीच्या जागी माणूस असता तर?" तिने फडकं पिळलं, ते आधीच पिळलेलं होतं. "धाकटी रडत होती. म्हणाली, ताई, चांगले बारीक होतायत आणि यांना दिसतच नाही. वेडे झालेत पँटपायी."

"पँटपायी?" मास्टरांनी विचारलं.

"हो ना. तुम्ही सांगा त्यांना, कपड्यातलं तुम्हाला कळतं. तुमचं ऐकतील ते."

मास्टर दुकानात गेले खरे, पण दिवसभर मशीन त्यांच्या पायाखाली उलटं फिरल्यासारखं वाटत होतं. जाऊन सांगावं का? काय सांगायचं? आणि सांगितल्यावर रविवारी त्या घरात कोणत्या तोंडाने बसायचं? फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला. भित्रा माणूस वाईट वागतो तेव्हा त्यातून बाहेर यायलाही भितो.

दोन दिवसांनी, जेवणाच्या वेळी, सर स्वतःच आले. एक पँट घातलेली, दुसरी हातात. शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. गळ्याशी दोन बोटं सहज गेली असती. ते स्टुलावर बसले आणि हसले.

"सुटलो बघा, मास्टर."

"कशातून?"

"सगळ्यातून. दिलं सोडून. कॅप्सूल बंद, चालणं बंद. येताना कोपऱ्यावर पोटभर तळलेलं खाऊन आलो. डॉक्टर पुढच्या आठवड्यात म्हणतील, सुरू करा साखरेच्या गोळ्या. करू. मरेपर्यंत घेऊ. एवढे महिने घाम गाळला, आणि पँट घट्ट ती घट्टच. माझ्या नशिबातच नाही ते." त्यांनी हातातली पँट टेबलावर टाकली. "कंबर सोडा. आत कापड ठेवलं असेल ना तुम्ही?"

"आहे."

"वाटलंच. तुमचं काम! रविवारी येतो, परत कलवू सोफा. आई खूश होतील."

हेच हवं होतं मास्टरांना. अगदी हेच. त्यांनी मनात कितीतरी वेळा हे वाक्य सरांच्या तोंडी घालून बघितलं होतं. आता ते खरंच त्या तोंडातून आलं, तर ऐकवत नव्हतं.

"ही अंगावरची पण काढतो," म्हणत सर पडद्यामागे गेले. गुंडाळायला मास्टरांनी हाताला लागलं ते दिलं. कुणाचा तरी शिवायला आलेला खिडकीचा पडदा होता, मोठमोठ्या फुलांचा. तो नेसून सर बाहेर आले.

"माप नवीन घ्या. मागचं आता धरू नका."

मास्टरांनी टेप घेतली. सरांच्या पाठीमागून हात फिरला आणि टेप पुढे सहज जुळली, वर हातभर उरली. सर वर छताच्या पंख्याकडे बघत बोलत होते.

"एक सांगू? तुम्ही एकटेच होता ज्यांनी मला खोटं बरं वाटू दिलं नाही. बाकीचे म्हणायचे, वा, छान, काय बारीक झालात. तोंडदेखलं सगळं. तुमची पँट मात्र खरं बोलली. किती आहे?"

मास्टरांच्या बोटांत टेप होती आणि बोटाखाली आकडा होता. चव्वेचाळीस म्हटलं असतं तर सर मान हलवून बसले असते. टेपकडे त्यांनी बघितलंही नसतं.

"एक्केचाळीस," मास्टर म्हणाले.

"चेष्टा नको."

"एक्केचाळीस आहे, सर. शेहेचाळीसची."

सरांनी मान खाली केली. टेपचा आकडा स्वतः वाचला. मग टेबलावरच्या पँटकडे बघितलं.

"आणि ही पँट कितीची आहे?"

"साडेएकोणचाळीस."

"मी त्रेचाळीस करायला दिली होती."

"हो."

"चुकून झालं?" सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजावरून अगदी उघड कळत होतं, त्यांना 'हो' ऐकायचं होतं.

"एक पँट असती तर म्हटलं असतं. दोन आहेत," मास्टर म्हणाले. "आणि दोनदा केलं."

"का?"

याचं उत्तर मास्टरांकडे होतं, पण ते इतकं लहान होतं की बाहेर काढायची लाज वाटली. तरी काढलं. "तुम्ही बारीक होत होता."

सर उठले. फुलांचा पडदा कमरेशी धरून दाराकडे दोन पावलं गेले, आणि थांबले. बाहेर भर दुपारचा रस्ता होता, समोर बसथांबा, थांब्यावर माणसं. ते वळले. चेहरा लालबुंद झाला होता.

"पँट दे," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मास्टरांना त्यांनी तू म्हटलं होतं.

"चढणार नाही. म्हणजे, चढेल, पण..."

"मग नीट कर. आत्ता. माझ्यासमोर."

मास्टर मशीनवर बसले. सर समोरच्या स्टुलावर, पाय जवळ घेऊन, फुलांचा पडदा गुडघ्यांवर ओढून. जायची सोय त्यांना नव्हती आणि पळायची मास्टरांना. मास्टरांनी मागची शिलाई उसवायला घेतली. टाके बारीक, जवळजवळ घातलेले, निघता निघेनात. एवढं मन लावून त्यांनी गेल्या वर्षभरात दुसरं काही शिवलं नव्हतं.

"भोवळ आली मला," सर म्हणाले. "म्हातारा माणूस चालवत होता गाडी."

"कळलं मला."

"कधी कळलं?"

"परवा."

"परवा कळलं, आणि आज मी आलो म्हणून सांगतोस. नसतो आलो तर?"

सुई मास्टरांच्या बोटात गेली, त्यांनी बोट तोंडात घातलं.

"धाकटी म्हणायची, हाडं दिसायला लागलीत तुमची. मी तिच्यावर ओरडायचो. तुला काय कळतं, म्हणायचो. मास्टरांना विचार." सर एकदम हसले, पण ते हसू नव्हतं. "मास्टरांना विचार!"

मशीन चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. मास्टरांनी खूण बरोबर एक्केचाळीसवर केली होती, आणि वर श्वासापुरती जागा सोडली होती. इस्त्री फिरवून त्यांनी पँट दोन्ही हातांवर घालून पुढे केली. सर पडद्यामागे गेले. बाहेर आले तेव्हा पँट अशी बसली होती की मास्टरांची नजर सवयीने आधी शिलाईवर गेली, मग माणसावर. घोट्यापर्यंत कापड सरळ उतरलं होतं. पोट होतं अजून, पण ते आता पँटच्या आत होतं.

सरांनी आरशात बघितलं. समोरून बघितलं, बाजूने बघितलं. रागातसुद्धा ओठाचा एक कोपरा हलला, तो त्यांनी लगेच आवळला.

"दुसरी पँट धाकटी घेऊन जाईल," ते म्हणाले. "तिला काय सांगायचं ते तूच सांग. आणि ताईलाही. मी काही बोलणार नाही. एक शब्द नाही."

"सांगतो."

"आणि रविवारी माझ्याशेजारी बसू नकोस."

"बरं."

सर दारापर्यंत गेले. हात दाराच्या कडीवर ठेवून उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, "उद्यापासून मी परत चालायला जाणार. पाच-साडेपाचला निघतो. कालव्यापासून."

मास्टरांनी मान वर केली.

"तू येऊ नकोस. आत्ता नाही. आत्ता मला तुझा राग येणार आहे, आणि मला तो नीट येऊ दे." ते थांबले. "पुढच्या महिन्यात ये. आणि त्या दुकानातल्या बाईंना स्वतः जाऊन भेट. खोटं सांगू नकोस त्यांना, पकडतात त्या."

दार लोटून ते रस्त्यावर उतरले. बसथांब्यावरच्या एका ओळखीच्या माणसाने जागा करून द्यायला पाय आखडले, आणि मग लक्षात आलं की आखडायची गरज नाही. सर त्याच्या बाजूने सहज निघून गेले. मास्टर काचेतून बघत होते. छातीत तीच जुनी कळ उठली, ओळखीची, बारीक. ती काही गेली नव्हती. ते उभे राहिले, स्टुलावरचा फुलांचा पडदा उचलून त्याची घडी घातली, आणि थोरलीला फोन लावला.

"दुकानात येतेस का जरा?" ते म्हणाले. "धाकटीलाही घेऊन ये. नाही, कुणाला काही झालेलं नाही. मी काहीतरी केलंय."